पांढऱ्या मांजराचे कान रोज का बघायचे

आमच्या लहानपणी चाळीत ढवळ्या नावाचा बोका होता. आखूड केसांचा, शेपटीच्या टोकापर्यंत पांढरा. तो कोणा एकाचा नव्हता. सकाळी आमच्या दारात, संध्याकाळी समोरच्या काकूंकडे. दुपारी मात्र गच्चीत, वाळवणाच्या चादरीशेजारी, तापलेल्या कोब्यावर अंग सैल सोडून पडलेला. एका उन्हाळ्यात त्याच्या डाव्या कानाच्या टोकाला खपली धरली. भांडणात लागलं असेल म्हणून आईने हळद-तेल लावलं. खपली पडली, महिन्याभराने पुन्हा धरली. असं दोन वर्षं चाललं. कानाची कड कुरतडल्यासारखी झाली, मग अर्धा कानच गेला. बोके भांडतातच, असं म्हणून आम्ही सगळ्यांनी ते सोडून दिलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या घरी साबू आली. साबुदाण्यासारखी पांढरी, आखूड केसांची, एक डोळा निळा आणि एक घारा. पहिल्या लशीच्या वेळी डॉक्टरांनी तिचे कान उजेडात धरले आणि पांढऱ्या मांजराच्या कानाला उन्हामुळे होणारा कॅन्सर कसा सुरू होतो ते सांगितलं. आधी लाली, मग कोंडा, मग येणारी-जाणारी खपली, मग झिजत जाणारी कड. ते हुबेहूब ढवळ्याच्या कानाचं वर्णन होतं. त्या दिवसापासून मला वाटत आलंय, की घरात पांढरं मांजर असणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं. त्यासाठी आधी ते मांजर पांढरं का असतं हे समजून घ्यावं लागतं, कारण त्याच्या काळजीतल्या बहुतेक गोष्टी तिथूनच निघतात.

मांजराच्या कातडीला आणि केसांना रंग देणाऱ्या खास पेशी असतात. त्यांना रंगपेशी म्हणू. पिल्लू आईच्या पोटात असताना या पेशी त्याच्या पाठीच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून प्रवासाला निघतात. पाठीवरून कुशीत, पोटावर, पंजांत, डोक्यावर, डोळ्यांत आणि कानाच्या आतल्या भागातसुद्धा. जिथे पोचतात तिथे रंग भरतात. हा प्रवास नीट व्हावा आणि वाटेत पेशी जगाव्यात, यासाठी 'किट' नावाचं एक जनुक लागतं. पूर्ण पांढऱ्या मांजरात या जनुकात एका जुन्या विषाणूचा छोटासा तुकडा अडकून बसलेला असतो. फार पूर्वी कधीतरी मांजराच्या पूर्वजाला झालेल्या संसर्गाची ती खूण. २०१४ साली संशोधकांनी तो तुकडा नेमका शोधून काढला. त्याच्यामुळे रंगपेशी वाटेतच कमी पडतात, जागेवर पोचतच नाहीत. म्हणजे पांढऱ्या मांजराच्या अंगाला पांढरा रंग दिलेला नसतो, तिथे रंगारीच आलेला नसतो. आईबापांपैकी एकाकडून हा बदल आला तरी पिल्लू पांढरं होतं. काही पिल्लांच्या डोक्यावर जन्मतः करडा-काळा ठिपका असतो आणि वर्षभरात तो विरून जातो. साबूच्या डोक्यावरही बोटाच्या टोकाएवढा होता. चार पेशी तेवढ्या पोचल्या होत्या.

याच जनुकाचा थोडा वेगळा बदल पांढरे पट्टे आणि ठिपके तयार करतो. म्हणून काळ्या-पांढऱ्या किंवा तांबड्या-पांढऱ्या मांजराचे कान आणि नाक पांढऱ्या भागात येत असतील, तर उन्हाबद्दल पुढे जे सांगणार आहे ते त्यालाही लागू आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अशा मांजराला पुष्कळ जण 'अल्बिनो' म्हणतात. अल्बिनो प्राण्यात रंगपेशी सगळीकडे पोचलेल्या असतात, पण त्यांना रंग बनवता येत नाही. हा फरक कानाच्या बाबतीत फार महत्त्वाचा ठरतो. सयामी मांजर अल्बिनोच्याच सौम्य प्रकारातलं. त्याचे डोळे निळे असतात तरी त्याला चांगलं ऐकू येतं, कारण पेशी तिथे हजर असतात. पांढऱ्या मांजरात त्या हजरच नसतात.

आखूड केसांच्या, केवळ पांढऱ्या रंगातच मिळणाऱ्या जातीचं नाव घ्यायचं तर ते थायलंडच्या 'खाव मनी'चं. थाई भाषेत खाव म्हणजे पांढरा, आणि मनी म्हणजे आपला संस्कृतातला मणी. पांढरं रत्न. मनीमाऊ म्हणत वाढलेल्या माणसाला ते नाव लगेच जवळचं वाटतं. या मांजराला तिथे शुभ मानतात आणि राजघराण्याशी जोडतात. एक डोळा निळा आणि दुसरा पिवळा किंवा हिरवा असलेल्या पिल्लांचं विशेष कौतुक असतं. मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या टिका या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये खाव मनीला स्पर्धेत उतरण्याचा पूर्ण दर्जा दिला. आपल्याकडे दिसणारी आखूड केसांची पांढरी मांजरं बहुतेक गल्लीतलीच, देशी. पण पांढरेपणाचं कारण दोघांत एकच, म्हणून काळजीही एकच. हौसेसाठी परदेशी जात शोधत बसण्याची मला तरी गरज वाटत नाही. जवळच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असं एखादं पिल्लू घराची वाट बघत असतंच.

आता कानाकडे. कानाच्या अगदी आत शंखासारखी वळलेली एक पोकळी असते. तिच्यातल्या द्रवात पोटॅशियमचं प्रमाण आणि विजेचा भार ठरावीक राखावा लागतो, बॅटरी चार्ज ठेवावी तसा. हे काम करणाऱ्या पट्ट्यात रंगपेशी असतात. त्या तिथे पोचल्याच नाहीत तर बॅटरी चार्ज होत नाही, आणि आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशी पिल्लाच्या पहिल्या काही आठवड्यांतच कोमेजून जातात. हा बहिरेपणा औषधाने बरा होत नाही. पण तो वाढतही नाही आणि दुखतही नाही.

निळ्या डोळ्यांची मांजरं बहिरी असतात, हे चार्ल्स डार्विनने १८५९ साली लिहून ठेवलं होतं. त्याने 'सगळीच' असं म्हटलं होतं, तेवढं मात्र चुकलं. दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरांपैकी साधारण ६५ ते ८५ टक्के बहिरी असतात, एकच डोळा निळा असेल तर ४० टक्क्यांच्या आसपास, आणि एकही डोळा निळा नसेल तर १७ ते २२ टक्के. म्हणजे निळ्या डोळ्यांच्या मांजराला ऐकू येऊ शकतं आणि घाऱ्या डोळ्यांचं मांजर बहिरं असू शकतं. डोळे बघून ठरवू नका, तपासून बघा.

घरच्या घरी तपासताना एक चूक हमखास होते. आपण मांजरामागे टाळी वाजवतो, ते वळतं, आणि आपण म्हणतो ऐकू येतं. खरं तर त्याला हाताचा वारा लागलेला असतो, जमिनीचा हादरा कळलेला असतो, नाहीतर भिंतीवरची सावली दिसलेली असते. मिशा आणि पंजे या बाबतीत फार तल्लख असतात. म्हणून मांजर झोपलेलं असताना, दुसऱ्या खोलीतून, जमिनीला धक्का न लावता आवाज करून बघा. साबूच्या बाबतीत कुकरने सांगितलं. ती ओट्याखाली, कुकरपासून दोन हातांवर झोपली होती. एक शिट्टी झाली, दुसरी झाली. मी तिच्या कानांकडे बघत उभी होते. झोपेतसुद्धा मांजराचे कान आवाजाच्या दिशेने फिरतात. साबूचा उजवा कान किंचित वळला, डावा हललाही नाही. तिचा डावा डोळा निळा आहे. एकच कान गेलेला असेल तर तो बहुधा निळ्या डोळ्याच्या बाजूचा असतो. अशा मांजराला आवाज कळतो पण कुठून आला ते कळत नाही, त्यामुळे हाक मारली की ते भलतीकडे बघतं. पक्कं निदान हवं असेल तर मेंदूपर्यंत पोचणारे ऐकण्याचे संकेत मोजणारी 'बेअर' तपासणी असते. माणसांच्या तान्ह्या बाळांचीही याच पद्धतीने करतात.

बहिऱ्या मांजराला एकट्याने बाहेर सोडू नका, याबाबत मी कुठलीही तडजोड मानत नाही. त्याला मागून येणारी रिक्षा कळत नाही, कुत्रं कळत नाही, आणि ते ज्या गाडीखाली झोपलं ती सुरू झाल्याचंही उशिरा कळतं. गॅलरीला जाळी लावा. गळ्यात घंटी बांधायची तर ती आपल्यासाठी, कारण हाक मारून ते येणार नसतं, आपल्यालाच शोधावं लागतं. पट्टा मात्र ओढ बसल्यावर सुटणारा हवा, नाहीतर खिडकीच्या गजात अडकून फास बसतो. झोपलेल्या बहिऱ्या मांजराला एकदम हात लावला की ते दचकून बोचकारतं, आणि लोक त्याला तापट ठरवतात. आधी त्याच्या गादीशेजारी जमिनीवर दोन थापा मारा, डोळे उघडू द्या, मग हात लावा. जेवणाच्या वेळी दिवा दोनदा लावून-घालवून केलं की ती खूण त्याला आठवड्याभरात पाठ होते. अशी मांजरं ओरडतातही मोठ्याने, कारण स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नाही. त्यावर रागावण्यासारखं काही नाही.

ढवळ्याला जे झालं ते उन्हाने. रंगपेशींचा रंग म्हणजे कातडीची छत्री असते. ती नसली की उन्हातले अतिनील किरण थेट पेशींवर पडतात. अंगावर केस तरी असतात, पण कानाचं टोक, नाकाचा शेंडा आणि पापण्यांच्या कडा उघड्याच राहतात. वर्षानुवर्षं ऊन खाऊन तिथल्या कातडीचा कॅन्सर होतो. पांढऱ्या मांजरात त्याचा धोका रंगीत मांजराच्या सुमारे १३ पट असल्याचं अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पाहणीत आढळलं होतं. तिथलं ऊन कडक आहेच, आणि आपल्याकडचं त्याहून सौम्य म्हणता येणार नाही.

दिलासा इतकाच की हा रोग हळू वाढतो आणि कानाच्या टोकावर असेपर्यंत शरीरात इतरत्र सहसा जात नाही. वेळेवर सापडला तर कानाचा तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढतात आणि मांजर पुढे छान जगतं. नाकावर झाला तर मात्र काम अवघड होतं. म्हणून सुरुवात ओळखणं महत्त्वाचं. निरोगी पांढरा कान उजेडासमोर धरला की गुलाबी, एकसारखा दिसतो, आतल्या बारीक शिरा मोजता येतात. उन्हाचा पहिला परिणाम म्हणजे कडेला लाली येते आणि तिथले केस विरळ होतात. मग बारीक कोंडा, मग खपली, आणि कड आत वळल्यासारखी दिसते. अर्थात कानाच्या कडेला खरूजही होते, बुरशीही होते, भांडणातली जखमही असते. खरजेत मांजर खाजवून हैराण होतं, उन्हाच्या त्रासात सुरुवातीला तेवढी खाज नसते. पण हा निवाडा आपण करायचा नाही. जी खपली दोन-तीन आठवड्यांत पूर्ण बरी होत नाही किंवा पडून पुन्हा धरते, ती डॉक्टरांना दाखवायची. हळद लावून वाट बघण्यात आम्ही ढवळ्याची दोन वर्षं घालवली.

पण मांजराला ऊन लागतंच ना, असं मला नेहमी विचारतात. मांजराला ऊब लागते. माणसाला ३० अंशांना घाम येतो, मांजराला तिथून पुढे कुठे निवांत वाटायला लागतं. आणि ड जीवनसत्त्वासाठी ऊन हवं हे माणसाचं गणित आहे. मांजराच्या कातडीत ते उन्हाने पुरेसं तयार होत नाही, त्याला ते खाण्यातूनच मिळवावं लागतं. तेव्हा सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात पांढऱ्या मांजराला उघड्या उन्हात बसू देऊ नका. बंद काच अतिनील किरणांपैकी सर्वांत घातक किरण बऱ्याच प्रमाणात अडवते, जाळी अडवत नाही. थंडीत त्याला उबदार जागा सावलीत करून द्या. खोक्यात जुनं गोधडीचं पांघरूण घातलं की बहुतेक मांजरं उन्हाचा हट्ट सोडतात.

आणि आपलं सनस्क्रीन कानाला लावू नका. त्यातलं झिंक ऑक्साइड आणि सॅलिसिलेट मांजराने चाटलं की विषबाधा होऊ शकते. मांजरासाठीच बनवलेलं, डॉक्टरांनी सांगितलेलं असेल तरच.

हे चाटणं नीट समजून घ्या. मांजर जागेपणीच्या वेळेतला मोठा भाग स्वतःला चाटण्यात घालवतं. त्याच्या अंगाला किंवा पंजाला जे लागेल ते पोटात जाणार. त्यात भर म्हणजे मांजराच्या यकृतात काही रसायनं निकामी करण्याची सोय फारच तोकडी असते. माणूस आणि कुत्रा जे पचवतात ते त्याला पचत नाही. म्हणून तापाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या मानेवर घालायचं परमेथ्रिनचं पिसवांचं औषध मांजराला झटके आणतं. आणि आपल्या घरात रोज वापरात असलेलं, म्हणूनच कोणाच्या लक्षात न येणारं विष म्हणजे फिनेल. लादी पुसली, मांजर ओल्या लादीवरून चाललं, कोपऱ्यात बसून पंजे चाटले. मांजराच्या घरात फिनेल आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. साबणाच्या पाण्याने पुसा, मग साध्या पाण्याने. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही त्याच्या वाटेत नकोत.

पांढऱ्या अंगावर डाग दिसतात म्हणून लोक त्याला सारखं धुतात. आखूड केसांच्या निरोगी मांजराला आंघोळीची जवळजवळ गरज नसते. आठवड्यातून एकदा रबरी दातांच्या ब्रशने केसांच्या दिशेने अंग विंचरलं आणि शेवटी ओला हात करून दोनदा फिरवला की सुटे केस निघून येतात. केस गळण्याच्या दिवसांत एक दिवसाआड करा. आपला शाम्पू, खायचा सोडा, कपड्यांची नीळ, ब्लीच यांतलं काहीही नको. रंगपंचमीला त्याला घरातच ठेवा. पांढरं जनावर दिसलं की मुलांना रंग लावायचा मोह होतो, आणि तो सगळा रंग रात्रभर चाटून पोटात जातो.

डाग पुसण्याआधी ते वाचा, असं मी म्हणेन. पांढरं अंग आजार लपवत नाही. शेपटीच्या बुडाशी पिवळट तेलकट पट्टा म्हणजे तिथली ग्रंथी जास्त स्रवतेय, नसबंदी न झालेल्या बोक्यात हे जास्त दिसतं. हनुवटीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके म्हणजे तिथली रंध्रं बुजलीत, प्लास्टिकची वाटी काढून स्टीलची ठेवा. पाठीवर काळी भुकटी दिसली तर ती ओल्या कापसावर दाबा. कापूस तांबूस झाला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. एकाच पंज्यावर तांबूस डाग पडत असतील तर तो पंजा मांजर सारखं चाटतंय, काहीतरी खाजतंय किंवा दुखतंय. आणि कानाच्या आतली गुलाबी कातडी पिवळी वाटली तर ती कावीळ असू शकते. काळ्या मांजरात हे उशिरा कळतं, पांढऱ्यात त्याच दिवशी. असा पिवळेपणा दिसला तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका.

खाण्याच्या बाबतीत पांढरं मांजर इतर मांजरांसारखंच, त्यामुळे थोडक्यात सांगते. दूध-पोळीवर मांजर जगत नाही. त्याला टॉरिन नावाचा घटक लागतो, तो मांस-मासळीतच मिळतो आणि कमी पडला तर डोळ्यांचा पडदा आणि हृदय निकामी होतं. चिकन उकडलंत तर ते पाणीही द्या, टॉरिन त्यात उतरतं. मीठ, कांदा, लसूण मात्र नको. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचतच नाही, जुलाब होतात आणि पांढऱ्या मागच्या पायांवर ते लगेच दिसतात. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये जाऊन कळ काढत असेल आणि लघवी होत नसेल तर रात्री-अपरात्री दवाखाना गाठा. हे तासांचं काम असतं. तीन रोगांवरची एकत्र लस, रेबीजची लस आणि नसबंदी वेळेवर करा. पांढऱ्या जोडीची पिल्लं विकण्यासाठी पैदास करणाऱ्यांकडून मांजर घेऊ नका. आईबाप दोघांकडून पांढरेपणाचा हा बदल आला तर बहिरेपणाची शक्यता आणखी वाढते, आणि ती पिल्लं पुढे कोणाच्या पदरात पडतील याची हमी कोणी देत नाही.

रोज रात्री जेवणं आटोपली की साबू माझ्या मांडीवर येते. आधी उजवा कान, मग डावा, ट्यूबलाइटकडे धरून बघते. नाकाचा शेंडा, पापण्या. अर्ध्या मिनिटाचं काम. मागच्या मंगळवारी डाव्या कानाच्या टोकाशी एक लाल ठिपका दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. वहीत तारीख लिहिली, मोबाइलवर फोटो काढला. शुक्रवारी तो फिकट झाला, रविवारी नव्हता. डास चावला असावा. तारीख तरीही खोडलेली नाही.